मटणावर चाळीस पानं

बापटकाका कुणालाही भेटले की आधी त्याची खालची पापणी ओढतात. "रंग बघू!" पापणी आतून पांढरट दिसली तर पोटात जंत. आता हा नियम शेळ्यांचा आहे हो! पण साताऱ्याकडे जनावरांचे डॉक्टर म्हणून उभी हयात गेली, सवय कशी सुटणार? लखनौला लेकीकडे राहायला आले, तेव्हा वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांनी माझीही पापणी ओढली. "पालक खा," म्हणाले. कप्पाळ माझं!

त्यात सरकारनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या नियमांचा मसुदा काढला आणि लोकांच्या सूचना मागवल्या. झालं! ज्या माणसानं जन्मात अंडं खाल्लं नाही, त्यानं मटणावर चाळीस पानं लिहिली.

मला म्हणाले, "अगं, विकू देत की त्यांना. पण पाकिटावर ठळक लिहा म्हणावं, प्रयोगशाळेतलं आहे ते. आणि शेळ्या पाळणाऱ्यांना लस गावातच मिळू दे. नाहीतर आपल्या कमलानं काय करायचं?"

कमला लखनौबाहेर मोहनलालगंजकडच्या गावातली. चौदा शेळ्या, त्यांच्यावरच तिचं घर चालतं. दर मंगळवारी काका तिच्या शेळ्या तपासायला जातात, फुकट.

शहरातच गोमती नगरला या मसुद्यावर सुनावणी होती. मला रजा काढायला लावून काका तिथं घेऊन गेले, कमलालाही बोलावलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. काकांची दोन मिनिटं 'मटण' म्हणजे काय हे सांगण्यातच गेली! "अहो काका, आवरा!" मी पुटपुटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चाळीस पानं मिटली आणि माइक कमलापुढे धरला.

ती म्हणाली, "साहब, मशीन का गोश्त बिके, बिकने दो। बस हमारी बकरी का नाम लेकर न बिके। और टीके की सुई टाइम से लग जाए, तो हम किसी से कम नहीं हैं।"

"दोनों बातें ड्राफ्ट में जाएँगी," अधिकारी म्हणाले, आणि खरंच लिहून घेतलं. मग काकांकडे वळले. "और आप? किस संगठन से?"

काका गडबडले. "मैं तो... रिटायर्ड..."

"हमारे डॉक्टर साहब हैं," कमलानं ठणकावून सांगितलं.

परतताना टॅक्सीत आम्ही दोघंच. काका चष्मा काढून पुसत म्हणाले, "लेक माया करते गं, नाही असं नाही. पण इथं आल्यापासून मी नुसता कुणाचा तरी बाबा, कुणाचा तरी आजोबा. आज किती वर्षांनी कुणीतरी मला कामाचा माणूस म्हणून आपलं म्हटलं."

आणि मग ते खिडकीबाहेर बघत मनसोक्त रडले. मी त्यांचा हात धरून बसले, मलाही रडू आलं होतं.