गोठ्यातली कोरी गाडी

उकंडरावजींची गाडी पाहायची असेल तर आधी मनगटावरचं घड्याळ काढून गोठ्याच्या खुंटीला अडकवावं लागे. मग अंगठी. मग कमरेचा पट्टा, कारण बकलाने रंगाला ओरखडा पडतो. बी. ए. झालो तेव्हा बापाने घेऊन दिलेलं ते घड्याळ मी झोपतानाही काढत नसे. पण तिथे मी, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, एका हाताने पँट सावरत उभा राही आणि उकंडरावजी बजावत, "डोयानं पाहा गुरुजी, हातानं नाई. कोरी हाय जी, कोरी!"

तळेगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्या वर्षी त्यांच्या बगीच्यात संत्र्याचा बहार चांगला साधला आणि त्यांनी नागपूरहून दुधी रंगाची नवी मोटार आणवली. स्वतःला चालवता येत नव्हती. आणणारा ड्रायव्हर तिला गोठ्यात उभी करून एस.टी.ने परत गेला. बैलजोडी बाहेर, कडुनिंबाखाली. आष्टीला जायचं झालं की उकंडरावजीही एस.टी.नेच जात.

"बैलं बाह्यर अन् डबा अंदर!" त्यांच्या बायको सखूकाकू म्हणत. "मले अजून बसू नाई देल्लं त्याच्यात. मी काय काटेरी हाय का जी?"

"तुह्या बांगड्या लागतीन," उकंडरावजी शांतपणे सांगत.

पूजेच्या दिवशी भटजी कुंकवाचं बोट घेऊन बॉनेटकडे निघाले तर हे आडवे झाले. मग बॉनेटवर घोंगडं, घोंगड्यावर पाट आणि पाटावर स्वस्तिक. नारळ आमच्या अंगणात फुटला. खोबरं मात्र त्यांच्या घरी गेलं.

मला तिथे मान होता तो इंग्रजीमुळे. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी त्यांना वाचून दाखवी आणि न समजलेला शब्द आला की आवाज चढवी. त्यात रंगाला मेणाचं पॉलिश लावा, असं लिहिलेलं. आमच्या गावात पॉलिश मिळे ते बुटांचं. तेव्हा इलाज त्यांनीच काढला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप लावून पळसाच्या पानांनी चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. "तुपानं बैलाचं कातडं चमकते, मंग हिचं काऊन नाई चमकणार?" उकंडरावजी म्हणाले. हळद तेवढी वगळली, गाडी पिवळी पडेल म्हणून.

चमकली, खोटं कशाला सांगू? सकाळी तिच्यावर मुंग्यांची रांग होती, दुपारी वारा सुटला तशी धूळ चिकटली आणि संध्याकाळी दावं सोडवून आलेला बैल डावा मडगार्ड मन लावून चाटत होता. उकंडरावजी त्याच्यावर ओरडले नाहीत. "जीभ खरबडी हाय बापा तुही," म्हणून त्याची समजूत काढत होते. मग रिठ्याच्या पाण्याने धुणं, मलमलीने पुसणं आणि पुन्हा तूप! काकू माझ्या बायकोला सांगत, "पोयीले तूप नाई आमच्या घरी, चाकावाल्या सवतीले हाय."

तूप आणि रंग यांच्यातल्या रासायनिक क्रियेवर मी त्यांना एक लांबलचक व्याख्यान दिलं. माझा विषय इतिहास होता. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

असं करता करता पोळा आला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र मी ठरवून गेलो. मुंग्या आता भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या आणि आज स्पष्ट बोलायचंच होतं. बैलांचे खांदे शेकून उकंडरावजी नुकतेच गोठ्यात आले होते. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावरून तुपाचं पळसपान फिरवत ते हळूच म्हणत होते, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये, मन्या."

मन्या म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा मनोहर. भिलाईला कारखान्यात असतो. दोन पोळ्यांमागे बापाशी भांडून गेला, तेव्हाचं त्याचं ओरडणं भिंतीपलीकडे आम्हीही ऐकलं होतं, "बसा तुम्ही जन्मभर गोठ्यात!" त्यानंतर तो आला नव्हता.

मला पाहून उकंडरावजी ओशाळले.

"लहान होता तवा कोयश्यानं भितीवर मोटारीच काढे जी. घरातून सीटवर पह्यले तोच बसन, म्हून जपून राह्यलो. जुनी झाल्यावर आला तं म्हणन, बुढ्यानं हिचाही गोठा केला." ते पान हातात धरून थांबले. "गुरुजी, तुमच्या त्या इंग्रजी पुस्तकात असन ना, नवी गाडी किती दिस नवी राह्यते?"

मी पुस्तक घेतलं. कंदिलाजवळ नेलं, पानं उलटली. मग नेहमीसारखा आवाज चढवला.

"आहे ना. सीटवर घरचा पहिला माणूस बसेपर्यंत नवी."

"पक्कं लिवलं हाय?"

"छापलंय, उकंडरावजी."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"मंग तुमी ती बाजू घ्या. हात हलका ठेवजा."

मी घड्याळ काढून खुंटीला अडकवलं, अंगठी आणि पट्टा काढला आणि एक पान उचललं. मुंग्यांचं सांगायचं राहूनच गेलं.