सशाची मूळ प्रत

समाज किती सुधारला आहे हे त्याच्या पुतळ्यांवरून किंवा विद्यापीठांवरून ठरत नाही. तो आपल्या घाणीचं काय करतो यावरून ठरतं. या कसोटीवर तुन्हा शहरातली आमची ‘लोस सौसेस’ वसाहत (सौसेस म्हणजे विलोची झाडं; ती तोडूनच वसाहत बांधली) अख्ख्या कोलंबियात पहिल्या तिनांत यावी, असं आमच्या सहजीवन समितीचं नम्र मत आहे. मी त्या समितीचा सचिव. तेव्हा मत माझंच, पण ते एकमताने मंजूर झालेलं आहे.

आमच्याकडे चौसष्ट घरं, अकरा कुत्रे, सात मांजरं आणि एक पोपट. नियम क्रमांक एकेचाळीस असा, की पाळीव प्राण्याने जे काही केलं असेल ते मालकाने पिशवीत भरावं, पिशवीवर घराचा क्रमांक घालावा आणि फाटकावर जमा करावं. फाटकावरचा येसीद वहीत नोंद करून पोच देतो. पिशव्या पुढे कचऱ्यातच जातात, पण नोंद राहते. समितीचे अध्यक्ष दोन इल्देब्रांदो (‘दोन’ हा आकडा नव्हे, आपलं ‘श्रीयुत’; बाईंना ‘दोन्या’) चाळीस वर्षं नोटरी होते, आणि जिची नोंद नाही ती गोष्ट घडलेलीच नसते, ही त्यांची श्रद्धा आहे. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला शुभेच्छा देण्याआधी ते दाखला काढून तारीख पडताळतात. (पोपटाला नियमातून सूट आहे. पहिल्याच तपासणीत तो अध्यक्षांना जे बोलला, ते इतिवृत्तात घेता येईना.)

सहा वर्षं यंत्रणा सुरळीत चालली. मग माझ्या शेजारच्या दोन्या एर्सिलियांनी ससा आणला.

दोन्या एर्सिलिया बहात्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यापासून दोन वर्षं त्यांच्या घरातून भांड्याचाही आवाज येत नसे. ससा आला आणि भिंतीपलीकडून दिवसभर बडबड ऐकू यायला लागली. “ए रेक्तोर, पायात येऊ नकोस, तुडवला जाशील मेल्या! पडदा खायचा नाही. पडदा कोथिंबीर आहे का?” रेक्तोर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापकही म्हणे असेच, दिवसभर बसून काहीतरी चघळायचे आणि पगारवाढीचं विचारलं की नुसतं नाक हलवायचे. मला ती बडबड आवडायची. हे मी इतिवृत्तात कधी लिहिलेलं नाही.

भानगड बाहेर आली ती समोरच्या इमारतीतल्या नूबियामुळे. नूबिया स्वभावाने कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त तिची गॅलरी सगळ्यांच्या समोर येते. एका सकाळी तिने मोबाईलवर चित्रफीत काढली. तीत रेक्तोर मान पार पोटाखाली घालतो, आपल्याच बुडाशी तोंड नेतो, तिथून काहीतरी परस्पर तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. वर मिशा पुसतो. चित्रफीत वसाहतीच्या ग्रुपवर गेली. पहिल्या तासात एकशे बारा सभासदांनी शिसारी आल्याचं कळवलं. त्यातल्या अठ्ठ्याण्णव जणांनी ती पुन्हा पाहून शिसारी आल्याची खातरजमा केली. नूबियालाच ती चित्रफीत संध्याकाळी बोगोताच्या बहिणीकडून परत आली, तेव्हा तिने नव्याने “छी!” केलं.

समितीची बैठक बोलावली गेली.

“बाई उपाशी ठेवते त्या मुक्या जिवाला,” नूबिया म्हणाली.

“उपाशी? अगं, माझ्या सूपमध्ये घालायला कोथिंबिरीची काडी शिल्लक ठेवत नाही तो!” दोन्या एर्सिलिया म्हणाल्या.

“सुमेर्से,” दोन इल्देब्रांदो म्हणाले. (आमच्या भागात मान द्यायचा तर समोरच्याला ‘सुमेर्से’ म्हणतात. मान काढून घ्यायचा तरीही तेच म्हणतात.) “प्रश्न कोथिंबिरीचा नाही, पिशवीचा आहे. येसीदच्या वहीत आपल्या नावावर फक्त कोरड्या लेंड्या आहेत. चित्रफितीतली वस्तू ओली आहे. ती कुठे गेली?”

“त्याच्या पोटात.”

“म्हणजे नष्ट केली.”

“म्हणजे खाल्ली, दोन इल्देब्रांदो.”

“नष्ट करण्याची पद्धत समिती विचारत नाहीये.”

स्थळपाहणी ठरली. शनिवारी सकाळी सहाला अध्यक्ष, नूबिया आणि मी, अंगावर रुआना, म्हणजे जाड लोकरी घोंगडी, पांघरून आणि काळ्या कॉफीचा थर्मास घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तुन्हातली थंडी अशी, की पाहुण्याला कॉफी हातात धरायला देतात, प्यायचं मागाहून बघता येतं. रेक्तोर आमच्याकडे बघत बसला. चाळीस मिनिटं त्याने काही केलं नाही. आम्हीही नाही, पण आमच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी त्याने मान खाली घातली.

दोन इल्देब्रांदो गुडघ्यांवर बसून, चष्मा कपाळावर चढवून बघत होते. मी त्यांचा चेहरा पाहिला. पांढरा पडला होता.

“सचिव, लिहा,” ते म्हणाले. “हा प्राणी दोन प्रकारचा माल काढतो. एक मऊ, चकचकीत, बारक्या द्राक्षांच्या घोसासारखा, उग्र वासाचा. ही मूळ प्रत. दुसरा कोरडा, गोल, बिनवासाचा. ही नक्कल. मूळ प्रत तो स्वतः गिळतो आणि फाटकावर नक्कल पाठवतो.” ते उठले. “सहा महिने. सहा महिने आपण नकलेला पोच देत होतो!”

त्यांच्या आवाजात दुःख होतं, ते मी मान्य करतो. एका नोटरीला याहून मोठा दगा देता येत नाही.

ठराव झाला. सशाच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं बांधावं, जेणेकरून त्याचं तोंड मागे पोचणार नाही. मूळ प्रत ओली असतानाच फाटकावर आणावी. सात दिवस पाळलं तर ससा वसाहतीत राहील, नाहीतर वसाहतीबाहेर. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. सचिवाचा हात असा आहे की इतरांचे वर गेले की तोही जातो, मला विचारत नाही.

यंत्रणेला अभूतपूर्व यश आलं. पहिल्या दिवशी सहा घोस जमा. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी येसीद मला म्हणाला, “सचिवसाहेब, पाया पडतो तुमच्या. अकरा कुत्रे परवडले! या घोसांचा वास माझ्या डब्याला लागलाय. बायको विचारते, तू कामाला जातोस कुठे?” चौथ्या दिवशी घोस आले तीन. पाचव्या दिवशी एक. अध्यक्षांनी याचा अर्थ ‘सशाला शिस्त लागली’ असा लावला आणि तसा फलक लावायला सांगितला.

शिस्त अशी लागली होती, की ससा गवताला तोंड लावत नव्हता. कोपऱ्यात नरसाळं टेकून बसून होता. भिंतीपलीकडची बडबड आटत आटत दोनच शब्दांवर आली. “खा रे. खा रे.” पाचव्या सकाळी ते ऐकून मी हातातला पाव खाली ठेवला आणि जनावरांच्या डॉक्टरीण मारिएला यांना स्वतः फोन केला. (समितीची परवानगी न घेता. हा माझ्या कारकिर्दीतला एकमेव डाग.)

डॉक्टरीणबाईंनी ससा उचलला, बरगड्यांवरून हात फिरवला आणि नियमावली वाचायला मागितली. ती वाचून त्यांनी ती माझ्याच हातात परत दिली.

“अहो, हे त्याचं जेवण आहे,” त्या म्हणाल्या. “गवतातलं सत्त्व एका फेरीत निघत नाही. पोटातल्या एका पिशवीत ते आंबतं, मग मऊ गोळ्या होऊन बाहेर येतं आणि ससा ते परत आत घेतो. जीवनसत्त्वं, प्रथिनं, सगळं त्यातच. कोरड्या लेंड्या तेवढ्या टाकाऊ. तुम्ही या पोराचं ताट उचलून फाटकावर जमा करताय!”

“आणि पोच देताय,” दोन्या एर्सिलिया म्हणाल्या.

“नरसाळं आजच काढा. दोन दिवसांनी काढायचं असेल तर मला बोलवू नका, खड्डा खणणाऱ्याला बोलवा.”

डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला लिहून दिला. नरसाळं काढलं असतं तर ठरावाप्रमाणे ससा त्याच दिवशी वसाहतीबाहेर गेला असता, म्हणून दोन्या एर्सिलिया दाखला घेऊन धावत अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांनी तो आदराने वाचला आणि आदराने परत केला. सही साक्षांकित नव्हती. दोन्या एर्सिलिया डॉक्टरीणबाईंना घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या नोटरीकडे गेल्या, सहीखाली त्यांचा अंगठा उठवला, शिक्का घेतला आणि परत आल्या. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सर्व सभासदांची तातडीची सभा ठरली. आमच्याकडे तातडी याहून लवकर येत नाही.

सभेत पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या इतिवृत्तात त्याच्या मागचं इतिवृत्त वाचल्याचा वृत्तांत होता, त्यात त्याच्या मागचा. असं करत दर सभेला आम्ही पायाभरणीच्या नारिंगी सरबतापर्यंत मागे जातो. मी वाचत होतो. पहिल्या रांगेत दोन्या एर्सिलिया रुआनात गुंडाळलेला ससा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाचताना अक्षरं नीट दिसत नव्हती. साडेचारच्या सुमारास त्या उठल्या, माझ्या टेबलाशी आल्या आणि सशाला इतिवृत्तावर ठेवून त्याच्या गळ्यातलं नरसाळं सोडायला लागल्या.

“सुमेर्से, आपला विषय चौथा आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“हा चौथ्यापर्यंत टिकायचा नाही.” गाठ काही सुटेना. “एकतीस वर्षं पोरांना सांगितलं, नियम पाळा रे. तुमचा नियम पाळत बसले आणि याला माझ्या हाताने उपाशी मारत होते. माझ्या हाताने! नवरा गेला तेव्हा निदान कुणी ठराव तरी केला नव्हता. घरात मी ज्याच्याशी बोलते असा हा एकच जीव आहे, दोन इल्देब्रांदो. काढा आम्हाला वसाहतीबाहेर, पण मी याला खाऊ घालणार.”

गाठ मी सोडली.

ससा टेबलावर बसून राहिला. एक्कावन्न सभासद बसल्या जागी पुढे झुकले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून घड्याळ बघत होत्या. मग रेक्तोरने एक कान हलवला, सावकाश मान खाली नेली आणि बुडाशी तोंड लावलं.

“खाल्लं!” किंचाळली कोण, तर नूबिया. “बायांनो, खाल्लं गं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. येसीद फाटक सोडून पळत आला. दोन्या एर्सिलिया खुर्चीत बसून हमसून रडायला लागल्या, आणि रडता रडता त्याला रागवायला लागल्या, “हळू खा, मेल्या, ठसका लागेल.”

टाळ्या थांबल्यावर सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. दोन इल्देब्रांदोंनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

“सचिव, लिहा,” ते म्हणाले. “नक्कल साक्षांकित झाली की मूळ कागद पक्षकाराला परत द्यायचा असतो. चाळीस वर्षं मी हेच केलं आणि इथे विसरलो. कोरडी लेंडी फाटकावर घ्यावी. मूळ प्रत ही पक्षकाराची मालमत्ता असून, ती त्याने कुठे ठेवावी हा त्याचा खासगी प्रश्न आहे.”

ठराव एकमताने मंजूर झाला. या वेळी माझा हात मी स्वतः वर केला.

आता वाचकांसाठी दोन शब्द. वाचता वाचता तुम्ही नाक मुरडलंत, ते मला इथून दिसलं. जरूर मुरडा. पण समितीने काढलेली सरासरी अशी, की ससा दिवसाला ओल्या-कोरड्या मिळून दोनशेच्या वर लेंड्या टाकतो, त्यांतलं अंगी लागेल तेवढंच वेचून तोंडात घेतो आणि उरलेल्याकडे ढुंकूनही बघत नाही. आज सकाळपासून तुमच्यासमोर जे जे येऊन पडलं, त्यातलं तुम्ही किती वेचून घेतलंत आणि किती सरसकट गिळलंत? लेखी उत्तराची आवश्यकता नाही. सशाच्या लेंड्यांवरचा हा अहवाल तुम्ही शेवटपर्यंत वाचला आहे, हे समितीने पाहिलं आहे.