उरलेल्या औषधांचे तात्या

इरा, चिनू,

परवा फोनवर तुम्ही सहज म्हणालात, की खोकल्याचं उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतून टाकलं. फोनवर उपदेश करायला मला आवडत नाही. म्हणून आमच्या शेजारच्या तात्यांविषयी लिहिते आहे.

तात्या आजारी माणसाला भेटायला जात ते दुधाची रिकामी किटली घेऊन. "बरं हाय का?" याच्याआधी त्यांचा प्रश्न, "औषध उरलंय का?" एका म्हातारीने एकदा उशीवरून मान उचलून सुनावलं, "आरं मेल्या, संपू तर दे आधी!"

"कोन, तू का औषध?" तात्यांनी विचारलं.

माणूस गेलं की राखेबरोबर त्याची राहिलेली औषधंही तळ्यात सोडायची, अशी आमच्या गावची रीत. तात्या दहाव्याला काठावर उभे राहून ती काढून घेत आणि किटली बसने अंबाजोगाईला नेत, दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जाळायला.

"दूध नासलं वाटतं, तात्या?" कंडक्टर विचारी.

"पिऊन बघ बे, म्हंजी कळंल."

सगळे हसत. मीही हसे. पण हे वेड कुठून आलं ते मला माहीत होतं.

तात्या दूध सोसायटीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दुष्काळात गुरं छावणीला गेली, सोसायटीला कुलूप लागलं. कपाट रिकामं करताना तात्यांनी मुदत संपलेलं गोचिडाचं औषध तळ्यात ओतलं. तळं तेव्हा डबक्याएवढं उरलं होतं. सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. ते बगळ्यांनी खाऊ नयेत म्हणून त्यांची बायको गंगाकाकू दिवसभर पदराने बगळे हाकलत राहिल्या, आणि तात्या टोपलीत मासे भरत राहिले.

पुढे गंगाकाकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. दहाव्याला त्यांच्या भावाने गोळ्यांची अर्धी पट्टी राखेशेजारी ठेवली. तात्यांनी ती उचलली, पण किटलीत टाकली नाही.

काही महिन्यांनी ती पट्टी मला त्यांच्या घरी आरशापाशी दिसली. "तात्या, ही न्यायची राहिली का?"

"न्हाई बाई." त्यांनी पट्टी उजेडात धरली. "हितं बघा, तिच्या नखानं फोडलंय. ही जाळायची न्हाई. पान्यात बी सोडायची न्हाई."

मग त्यांनी दोघांचा चहा टाकला, आणि मी निघाले तरी बराच वेळ दारात बोलत उभे राहिले.

आता तात्याही नाहीत. ती पट्टी माझ्या कपाटात आहे. तळ्यात यंदा गुडघाभर पाणी आहे, आणि त्यात मासे आहेत.