पंधराशे की बावीसशे

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आहे, याबद्दल जिल्ह्यात दुमत नव्हतं. शेतकऱ्यांनी ती बोंडात पाहिली होती, व्यापाऱ्यांनी कापसात पाहिली होती आणि वर्तमानपत्रांनी तिचे रंगीत फोटो छापले होते. ती शासकीयदृष्ट्या दिसायची तेवढी राहिली होती. ते काम पीक पाहणी समितीकडे आलं आणि पहिल्याच बैठकीत समितीपुढे एक तांत्रिक प्रश्न उभा राहिला. अळी पाहायला जायचं ते पंधराशे सीसीच्या इंजिनाने, की बावीसशेच्या?

समितीचे सचिव चंद्रशेखर देवपुजारी हे अत्यंत काटेकोर गृहस्थ होते. उभ्या नोकरीत त्यांच्या एकाही टिपणीवर वरून प्रतिकूल शेरा आलेला नव्हता, कारण एकाही टिपणीत त्यांनी स्वतःचं मत घातलेलं नव्हतं. निवृत्ती दोन उन्हाळ्यांवर आली होती आणि आपली पाटी कोरीच राहावी, यापलीकडे त्यांची देवाकडे काही मागणी नव्हती.

कार्यालयाकडे एक जुनी जीप होती. ती चालत होती, हाच तिचा दोष. दूरच्या गावांसाठी चारही चाकांना जोर देणारी नवी गाडी मंजूर व्हायची, तर जुनी तिथे पोचत नाही असं दाखवणं भाग होतं. म्हणून चंद्रशेखरांनी प्रस्तावात नमूद केलं की, घाटंजी तालुक्यातल्या आमझरी गावी सदर जीप पोचू शकत नाही. एकदा असं नमूद केल्यावर ती तिथे न पोचणं ही कार्यालयाची जबाबदारी झाली. आमझरीची पाहणी नवी गाडी येईपर्यंत थांबली.

नव्या गाडीच्या मंजुरीत एकच अट होती. गाव दुर्गम असेल तर लहान इंजिन घ्यावं. अतिदुर्गम असेल तर मोठंही घेता येईल. या 'ही'ने समितीत उभी फूट पाडली.

अध्यक्षसाहेब मोठ्या इंजिनाचे होते. बाभुळगावच्या एका कंत्राटदाराकडे बावीसशेची गाडी होती आणि तो साहेबांच्या गाडीला रोज ओलांडून पुढे जात असे. साहेबांच्या मते हा प्रश्न व्यक्तीचा नव्हता, प्रशासनाच्या प्रतिष्ठेचा होता. लेखा शाखेच्या शाल्मली मॅडम लहान इंजिनाच्या होत्या. बावीसशेचं इंजिन पितं फार, आणि अळी काही पळून जाणारी वस्तू नाही, असं त्यांचं म्हणणं. चालक पूनमसिंग समितीवर नव्हता, पण त्याचंही मत होतं.

"मोठंच घ्या साहेब. विश्रामगृहात मोठ्या गाडीच्या डायवरले चहा कपात भेटते. लहानीच्या डायवरले गिलासात."

चंद्रशेखरांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि "वस्तुस्थिती पडताळून पाहावी" असं सुचवलं. त्याप्रमाणे विक्रेत्याने दोन्ही गाड्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आणल्या. तिथल्या एका रिकाम्या भूखंडावर मातीचे ढिगारे होते. मोठं इंजिन ढिगाऱ्यावर चढलं. मग लहान इंजिनही चढलं. यामुळे गंभीर पेच निर्माण झाला. दोन चहा झाल्यावर समितीचं असं मत पडलं की ढिगाराच अपुरा आहे, आणि आमझरीच्या रस्त्याची दुर्गमता प्रत्यक्ष मोजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

या सगळ्या काळात आमझरीचे भगवानराव डहाके दर आठवड्याला कार्यालयात येत होते. त्यांच्या वावरात कपाशी उभी होती आणि बोंडाबोंडात अळी होती. ती पऱ्हाटी उपटून त्यांना हरभरा पेरायचा होता. विहिरीत एका पिकापुरतं पाणी होतं. ते आटायच्या आत पेरणी व्हायला हवी होती. पण पाहणीआधी पीक काढलं, तर नुकसान झाल्याचं मानलं जाणार नव्हतं.

"सायेब, पऱ्हाटी उपटू का?"

"पाहणी झाल्याशिवाय कशी उपटता, भगवानराव? मग आम्ही पाहायचं काय?"

"मंग पाहायले या ना जी. हरभऱ्याचा टाइम चालला."

"येऊनच राहिलो आहोत. इंजिन ठरलं की निघालोच."

"इंजिन?" भगवानराव चमकले. "मी तं एस्टीनं आलो जी. फाट्यापासून पायी."

"तुम्ही शेतकरी आहात," चंद्रशेखर समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्हाला कसंही येता येतं."

पुढच्या खेपेला भगवानरावांबरोबर त्यांच्या पत्नी वच्छलाबाई आल्या. एव्हाना दुसऱ्या एका शाखेने गावोगाव पत्रकं वाटली होती. अळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून बाधित कपाशी तात्काळ उपटून जाळा, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं.

"सायेब, तुमचा एक कागद म्हणते उपटून जाळा, दुसरा म्हणते हात लावू नका," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता आमी काय कराव? वरून जाळाव अन् बुडातून ठेवाव?"

चंद्रशेखर विचारात पडले. दोन्ही आदेशांचं पालन होत होतं.

"सूचना चांगली आहे," ते म्हणाले. "लेखी द्या."

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "चाला हो. हे तं आपल्याहून येडे-बह्याड हायेत."

गावाला परतल्यावर भगवानरावांनी लोक जमवले. साहेब येत नाहीत ते रस्त्यापायी, असा त्यांचा सरळ समज झाला होता. गावकऱ्यांनी बैलबंड्या जुंपल्या, टेकडीचा मुरूम आणला आणि आमझरीचा नाला जिथे ओलांडतात तिथे पसरून, चोपून टणक केला. पुढच्या खेपेला भगवानरावांनी ही बातमी मोठ्या आनंदाने सांगितली. चंद्रशेखरांनी हातातला पेन खाली ठेवला.

"कोणाला विचारून केलंत?"

"कोणाले इचाराव जी? आमचाच नाला, आमचाच मुरूम."

"अहो, तुम्ही गाव नुसतंच दुर्गम करून ठेवलंत! अतिदुर्गम असल्याचा आमचा प्रस्ताव वर गेलाय!"

दुर्गमता तातडीने मोजण्यावाचून आता गत्यंतर नव्हतं. समिती जुन्या जीपमध्ये बसली. जीप आमझरीला पोचू शकत नव्हती हे खरं. पण नाल्यापर्यंत पोचू शकत नाही, असं प्रस्तावात कुठेही म्हटलेलं नव्हतं. दौऱ्याचा हेतू स्पष्ट होता: रस्त्याची पाहणी. पिकाची पाहणी हा वेगळा दौरा, त्याला वेगळी मंजुरी.

वाटेत साहेबांना डुलकी लागली. शाल्मली मॅडम फोनवर होत्या, आणि नाला आल्याचं सांगायला चंद्रशेखर तोंड उघडतात तोच पूनमसिंगाने सवयीने गिअर टाकला. जीप मुरमावरून सुळकन पलीकडे गेली आणि भगवानरावांच्या वावराच्या बांधाला, धुऱ्याला जाऊन उभी राहिली.

"पूनमसिंग!" चंद्रशेखर ओरडले. "हे काय केलंस?"

"काय केलं साहेब? पोचलो."

"म्हणूनच विचारतोय! मागे घे!"

पण जीपचा आवाज ऐकून भगवानराव वावरातून धावतच आले. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी येता येताच एक बोंड तोडलं, अंगठ्याने फोडलं आणि तळहात जीपच्या खिडकीत धरला. तळहातावर गुलाबी अळी वळवळत होती.

"आले का जी सायेब! हे पाहा. अन् हे तं काहीच नाई, पुढच्या ओळीत चाला."

चंद्रशेखरांनी मान वर केली आणि जीपच्या छपराकडे डोळे लावले.

"भगवानराव, हात मागे घ्या. मी ते पाहिलं तर मला पाहावं लागेल."

"पाहायलेच तं आले ना जी?"

"आम्ही रस्ता पाहायला आलोय. पिकाचा दौरा वेगळा."

"वावर तं हेच हाये. आलेच हा तं एक डाव नजर टाका. पाच मिनिटं."

"नजर टाकायला मंजुरी नाही."

छपराकडे पाहता पाहता चंद्रशेखरांच्या मानेला रग लागली. तळहात अजून खिडकीतच होता, हे त्यांना न पाहता कळत होतं. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांना खाली पाहावंसं वाटलं. मग कोऱ्या पाटीची आठवण झाली. साहेबांनी दुसऱ्या बाजूला तोंड केलं. पण दुसऱ्या बाजूलाही कपाशीच होती. शेवटी त्यांनी डोळे मिटले. शाल्मली मॅडम फोनमध्ये पाहत होत्या, त्यामुळे त्यांच्यापुरता प्रश्न आधीच सुटलेला होता.

वच्छलाबाई धुऱ्यावर येऊन हा प्रकार बघत उभ्या राहिल्या.

"काय झालं जी यायले? आंधये झाले का?"

"नाई मावशी," पूनमसिंग गाडी उलटी घेत म्हणाला. "दौऱ्यावर हायेत."

जीप मागच्या मागे नाला ओलांडून अलीकडे आली आणि ती पलीकडे गेलीच नव्हती, असं सर्वानुमते ठरलं. मुरमाचं मात्र काही तरी करावं लागणार होतं. चंद्रशेखर खाली उतरून नाल्याच्या काठावर उभे राहिले आणि तिथूनच भगवानरावांशी बोलले. नाला मूळ स्थितीत आणला, तर प्रस्तावातला अडथळा दूर होईल, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजे मुरूम काढू? मंग येसान का लवकर?"

"प्रस्ताव मार्गी लागेल."

"अन् पऱ्हाटी?"

"ती राहू द्या. पाहायला काहीतरी हवं ना."

गावकऱ्यांनी पुन्हा बैलबंड्या जुंपल्या. ज्या हातांनी मुरूम चोपला होता त्यांनीच तो उकरून काढला आणि जाता जाता नाला जरा जास्तच खोल झाला. समितीने याबद्दल ग्रामस्थांच्या सहकार्याची प्रशंसा केली. आमझरी अतिदुर्गम ठरली. कारंजाच्या बाजूने आलेल्या एका पाहुण्याची बैलबंडी त्याच आठवड्यात नाल्यात उलटली, तेव्हा तर अतिदुर्गमतेच्या प्रमाणपत्राला पुरावाही जोडता आला.

हरभऱ्याची वेळ गेली. शेजारच्या वावरवाल्यांनी पाहणीचा नाद सोडून केव्हाच पेरणी केली होती. त्यांचं रान हिरवं झालं. भगवानरावांनी आदेश पाळला. त्यांची पऱ्हाटी मधोमध वाळत उभी राहिली. विहिरीचं पाणी एक-एक पायरी खाली उतरत गेलं आणि एक दिवस बादली गाळावर टेकली.

समिती मात्र स्वस्थ नव्हती. अतिदुर्गम गावासाठी मोठं घेता येईल याचा अर्थ घ्यावंच असा होतो का, यावर तीन बैठका झाल्या. चढावर ताकद कोणाची, उतारावर ब्रेक कोणाचे, वाळूत रुततं कोण, यावर साऱ्या कार्यालयात चर्चा होऊ लागली. शिपायांपासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला मत होतं. चहाच्या टपरीवर दोन तट पडले. चंद्रशेखरांच्या घरी रत्नप्रभाबाईंनीसुद्धा भाकरी थापता थापता आपली पसंती सांगितली, आणि त्यांनी तर गाडी पाहिलीही नव्हती. अखेर माघ सरता सरता एक इंजिन ठरलं. गाडी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला आणि साहेबांनी पेढा चालकाआधी बॉनेटला लावला.

फाल्गुनात समिती आमझरीला निघाली. नाल्यात पाणी नव्हतं, पण खड्डा होता. गाडी आत उतरली, गुरगुरली आणि एका दमात वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या आग्रहावरून ती पुन्हा मागे नेऊन तीनदा वर काढण्यात आली. फोटो निघाले. मग समिती मंजूर हेतूकडे वळली आणि भगवानरावांच्या वावरात शिरली.

चंद्रशेखरांनी या वेळी पूर्ण अधिकाराने डोळे उघडे ठेवले. त्यांनी वाळकं बोंड तोडलं, फोडलं, उलटं करून झटकलं. दुसरं फोडलं. मग तिसरं. कशातही काही नव्हतं.

"अळी आढळून येत नाही," ते म्हणाले.

"आता कुठची अळी जी?" भगवानराव म्हणाले. "कोश करून मातीत गेली ते. अळी कायले थांबते? थांबलो तं मी."

चंद्रशेखर लिहिता लिहिता थांबले. भगवानराव त्यांच्याकडे पाहत होते. तक्रार करत नव्हते, नुसतं पाहत होते. चंद्रशेखरांना छप्पर आठवलं, पण वावराला छप्पर नव्हतं. मग त्यांनी नियमाला धरून वाक्य पूर्ण केलं: अळी आढळून न आल्याने अळीमुळे नुकसान झाल्याचं दिसून येत नाही. खाली सह्या झाल्या. त्यांची पाटी कोरी राहिली.

"पुढच्या वर्षी काळजी करू नका," गाडीत बसताना ते म्हणाले. "अळी आली रे आली की आम्ही हजर. गाडी तयारच आहे."

"अळी तं येईनच ना जी," वच्छलाबाई म्हणाल्या. "सारी आमच्याच मातीत तं झोपून हाये."

ही हकीकत आता यवतमाळात बऱ्याच जणांना माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कोर्टाच्या व्हरांड्यात ती सांगितली जाते. लोक पोट धरून हसतात आणि हसून झालं की प्रत्येक जण एकच विचारतो: ते सगळं ठीक, पण शेवटी घेतलं कोणतं? पंधराशे की बावीसशे? आपणही, सुज्ञ वाचक, ते सांगायचं राहून गेलं की काय म्हणून मघाशी थबकला असालच. ते मुद्दाम सांगितलेलं नाही. भगवानराव आणि वच्छलाबाईंनी ते वर्ष कसं काढलं, हेही सांगितलेलं नाही. पण ते अजून कोणी विचारलेलं नाही.