वहिनींनी काढलेली धार

दूधवाल्याने लिटरमागे तीन रुपये वाढवून मागितले आणि इमारतीच्या जिन्यात आपोआप सभा भरली. सगळ्यात चढा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा. पेंड महागली, चारा महागला, हे त्याचं सगळं सांगणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मग पदर खोचून विचारलं, "दादा, गाय खाते, गाय दूध देते. मधे तुम्ही करता काय?"

जिन्यात हशा पिकला. दूधवाला मात्र हसला नाही. भाव मिळाला नाही तर गाई विकून टाकणार आणि कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाणार, असं त्याने शांतपणे सांगून टाकलं. वहिनींना आधी सासरे आठवले. पिशवीतलं दूध त्यांना पहिल्या घोटात ओळखू यायचं, आणि मग ते दिवसभर घराशी अबोला धरायचे.

"उद्या गोठ्यावर या," दूधवाला म्हणाला. "एका गाईची धार तुम्ही काढा. मग तुम्ही सांगाल तो भाव."

एवढ्या लोकांदेखत माघार कशी घेणार?

सकाळी वहिनी गोठ्यात हजर झाल्या. साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या मावशी होत्या, आणि फुकटची करमणूक म्हणून बाकीची अर्धी इमारत. बँक बंद होताना आलेल्या गिऱ्हाईकाकडे कारकून बघतो, तसं गाईने वहिनींकडे बघितलं. वासरू आधी लुचलं पाहिजे, नुसतं ओढायचं नाही, मूठ वरून खाली आवळत आणायची, हे दूधवाल्याने परोपरीने समजावलं. वहिनी म्हणाल्या, त्यात काय एवढं.

पहिली धार मावशींच्या चष्म्यावर गेली. दुसरी वहिनींच्या बाहीत शिरली. तिसरी मात्र बादलीत अशी काही वाजली, की सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्या आवाजाने गाय दचकली आणि तिची शेपटी वहिनींच्या थोबाडावर बसली. वहिनींनी आधाराला हाताशी आलं ते धरलं. तो गाईचा पाय होता. गाईने तो सोडवून घेतला, बादलीत ठेवला आणि तशीच रवंथ करत उभी राहिली.

बादली विसळून पुन्हा पहिल्यापासून. उन्हं वर आली तेव्हा वहिनींचे अंगठे बधिर झाले होते, गुडघे बोलत होते आणि बादलीत जेमतेम कपभर दूध होतं.

"आता सांगा भाव," दूधवाला म्हणाला.

वहिनींनी कपाळावरचं शेण पुसलं आणि एक आकडा सांगितला. चष्मा पुसणाऱ्या मावशी थांबल्या. वासरूसुद्धा लुचायचं थांबलं.

"वहिनी, एवढ्यात गाय येते," दूधवाला चाचरत म्हणाला.

"येऊ दे. माझे अंगठे येतात का तेवढ्यात?"

आणि मग उलटीच घासाघीस सुरू झाली. तो खाली ओढतोय, या वर चढवताहेत. इतका भाव लावला तर मीच माझं दूध पिणार नाही, अशी तो गयावया करू लागला. वहिनी ढिम्म. शेवटी मावशी मधे पडल्या आणि लिटरमागे पाच रुपये वाढीवर कसंबसं मिटलं.

"याच्याखाली एक पैसा उतरायची नाही," वहिनींनी बजावलं. तीन मागायला आलेल्या दूधवाल्याने हात जोडले आणि पाच कबूल केले.

दमलेली मंडळी इमारतीशी पोचली, तर फाटकापाशी भाजीवाली बसलेली. मावशींनी सवयीने टोमॅटोचा भाव विचारला, तो ऐकून सवयीने "काहीतरीच काय" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनींनी त्यांना मागून जोरात चिमटा काढला.

"गप बसा हो," त्या कुजबुजल्या. "उद्या ही शेतावर बोलवायची."

मावशींनी निमूटपणे किलोभर टोमॅटो घेतले. वहिनींनीही घेतले. मागच्या सगळ्या जणींनी घेतले, सांगितलेल्या भावाने, एक शब्द न काढता, आणि भराभरा जिना चढून गेल्या. भाजीवाली मात्र बराच वेळ एकेक नोट उन्हात धरून खरी आहे का ते बघत होती.