समुद्राला शेवरी

आमच्या शेजारचे नाना चौधरी सकाळी दुधाच्या रांगेत उभे राहून रोज समुद्राची खबर देत. "आज लाटा मोठ्या हायेत बरं. कोनी आत जाऊ नका." रांगेतली माणसं मान डोलवत आणि आपापली बरणी पुढे सरकवत. जळगावात मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तिथे समुद्रात जायला निघालंय कोण? पण नाना ही सूचना अगदी काळजीने देत. वर थंडीचे दिवस असले तर अंगात नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट घालून देत.

हे जॅकेट त्यांच्या विलासने, म्हणजे एकुलत्या एक मुलाने, तिकडून पाठवलेलं होतं. तिकडून म्हणजे वेस्ट इंडीजकडच्या एका बेटावरून. विलास मुंबईला हॉटेलचा कोर्स करायला गेला, तिथून एका प्रवासी बोटीवर वेटर म्हणून लागला, आणि बोट त्या बेटाला लागली तेव्हा तिथल्याच एका हॉटेलात नोकरीला राहिला. नानांच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेला हा मुलगा आता समुद्रावर गोऱ्या पाहुण्यांना पाण्यातले खेळ खेळवत होता.

नाना हे खेळ आम्हाला फोटोवरून समजावून सांगत. "हे पहा भाऊ. मानसाले छत्री बांधतात. छत्रीले दोरी, दोरी बोटीले. बोट जोरात पये, अन् मानूस वर."

"वर जाऊन काय करतो?"

"काही नही. खाली येतो."

त्यांचं खरं दुखणं वेगळ्या फोटोत होतं. त्यात पिवळ्याजर्द रबराचं एक लांबलचक केळ पाण्यावर तरंगत होतं, त्याच्यावर पाचसहा पाहुणे मांड ठोकून बसलेले होते आणि पुढे मोटरबोटीतून विलास ते ओढत होता. नानांचं सगळं आयुष्य सावद्याकडच्या शेतात केळी लावण्यात गेलेलं. गुडघे दुखायला लागले म्हणून शेत बटाईने देऊन ते जळगावला येऊन राहिले होते, तरी आठवड्यातून दोनदा एसटीने बागेत चक्कर असायचीच. हा फोटो हातात आला तेव्हा त्यांनी तो दारापाशी उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाले, "बसराई जातीची तं नही वाटत ही." त्यांच्या बोलीत केळीची केयी होते. "आपन केयी पिकवली, केयी विकली. याने केयीवर मानसं बसवली." यात अभिमान किती आणि तक्रार किती, ते मला कधीच नीट कळलं नाही.

विलास कधी परत येणार, असं कोणी विचारलं की नानांचं उत्तर ठरलेलं असे. "तठी सम्दे लोक सुट्टीवर जातात. हाबी सुट्टीवर गेला. सुट्टी संपली का येईन." ही सुट्टी इतकी वर्षं चाललेली होती की विचारणाऱ्यांनी विचारणं सोडून दिलं होतं. मी मात्र अधूनमधून खोडी काढायचो. "काय नाना, रजा वाढवून घेतली वाटतं?" नाना हसत. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसत नसत. त्या आत निघून जात.

त्या बेटांवर दर वर्षी मोठी वादळं येतात, हे नानांना रेडिओवरून कळलं, आणि तेव्हापासून त्यांचं समुद्राचं वेड सुरू झालं. रेडिओवर कोळ्यांसाठी सूचना लागायची ती आपल्या किनाऱ्याची. तिचा विलासच्या समुद्राशी काही संबंध नाही, हे मी त्यांना शाळेतला नकाशा आणून दाखवलं. त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, मधी कुठी बांध दिसतो का? नही ना? मंग पानी एकच." यावर मी नकाशा गुंडाळून ठेवला.

वाऱ्याची भीती नानांना कोणी शिकवायला नको होती. एका जूनमध्ये संध्याकाळी वादळ आलं आणि घडांनी लगडलेली त्यांची अख्खी बाग घटकाभरात जमिनीवर निजली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. नाना आडव्या पडलेल्या केळीच्या खांबांमधून फिरत होते आणि एकेका घडावर हात ठेवत होते. बागेच्या पश्चिमेला मात्र, जिथे शेवरीची दाट रांग होती, तिच्या आडोशाची केळी उभी होती. आमच्याकडे केळीच्या बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावतात. ती झपाट्याने वाढते आणि वाऱ्याचा पहिला मार स्वतः खाते.

घरी परतल्यावर नानांनी काय करावं? त्यांनी शेवरीचं बी फडक्यात बांधलं, पापड-कुरडयांच्या पार्सलात घातलं आणि विलासला पाठवून दिलं. सोबत निरोप, की हॉटेलाच्या मालकाला सांग, समुद्राच्या अंगाने दाट रांग लावायची, पावसाळ्याआधी. मी इतका हसलो की बायकोने मला डोळे वटारून गप्प केलं.

पापड पोचल्याचं विलासने कळवलं. कुरडया मऊ पडल्याचंही कळवलं. बियांबद्दल अक्षर नाही. नाना पोस्टमनला विचारत, मला विचारत, शेवटी स्वतःच म्हणाले, "फेकलं असंन. तठी कोन लावते शेवरी?" मग त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर पेपरात एका कोपऱ्यात बातमी आली. विलासच्या बेटावर चक्रीवादळ धडकलं होतं, घरं गेली होती, तारा तुटल्या होत्या.

गल्लीत फोन फक्त आमच्याकडे होता. नाना आणि अक्का सकाळीच येऊन फोनशेजारी बसले. मी ट्रंककॉल लावून पाहिला, लागेना. दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशीही. नाना येताना डझनभर केळी घेऊन येत आणि बायकोला फोनवरची धूळसुद्धा पुसू देत नसत. माझ्या साहेबांचा फोन आला तर "लाइन मोकळी ठेवा" असं त्यांनी साहेबांना परस्पर सांगून टाकलं. समुद्राची खबर मात्र त्यांनी त्या दिवसांत कोणालाच दिली नाही.

एका सकाळी लांबलचक घंटी वाजली. मी उचलला आणि नानांच्या हातात दिला. विलास तिकडून इतका ओरडत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"नाना, मी बरा हाये! हॉटेलाचं छप्पर गेलं, बोटी गेल्या!"

नानांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मुलाला विचारायचं ते सगळं राहिलं आणि त्यांनी विचारलं, "केयी पडली का रे?"

"ते रबराची? ते तं उडूनच गेली!"

"खरी रे. खरी केयी."

"इथल्या बागांतली आडवी झाली सम्दी. अन् नाना... शेवरीबी मोडली."

"कोनती शेवरी?"

"तुम्ही धाडलेली. मी सैपाकघरामांगे लावली व्हती. माझ्या डोक्यावर गेलती. तुम्हाले दाखवायसाठी फोटोबी काढनार व्हतो, तेवढ्यात..."

लाइन तुटली. नानांनी रिसीव्हर हळूच ठेवला.

"काय म्हने?" अक्कांनी विचारलं. ऐकलं होतं त्यांनीही, पण त्यांना नानांच्या तोंडून हवं होतं.

"पोरानं शेवरी लावली व्हती."

"अन् पोरगं?"

"बरं हाये. बरं हाये." अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. माझी बायको चहा ठेवायला उठली. मलाही इतका आनंद झाला होता की मी नेहमीची थट्टा केली. "चला नाना, आता तरी सुट्टी संपवून ये म्हणावं."

नाना हसले नाहीत. उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, "नही भाऊ. सुट्टीवर गेलेला मानूस शेवरी नही लावत. लावली म्हनजे त्यानं तठी घर केलं."

अक्कांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि चहा येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

त्याच आठवड्यात नाना सावद्याला जाऊन आले. संध्याकाळी माझ्याकडे फडक्यात बांधलेलं बी घेऊन आले आणि पार्सलावर पत्ता लिहायला सांगितला. पुरचुंडी मागच्यापेक्षा बरीच मोठी होती.

"या वख्ती दोन रांगा लावजो म्हना," ते म्हणाले. "एक रांग पुरत नही तठल्या वाऱ्याले."