एकशे आठ किलो गूळ

ऑफिसच्या विम्याच्या फॉर्मवर वजनाच्या रकान्यात मी चौऱ्याऐंशी लिहिलं, तेव्हा कुणाला फसवायचा माझा हेतू नव्हता. (लग्नात माझं वजन तेवढंच होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण वजन कधीचं ते फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं.)

रायपूर राजधानी झाल्यापासून शंकर नगरातल्या आमच्या ऑफिसात शिस्त शिरली होती. आमचे साहेब श्यामराव यांच्या मते जाड माणसं जास्त आजारी पडतात आणि त्यांच्यापायी सगळ्यांच्या विम्याचा हप्ता वाढतो. म्हणून नियम निघाला. वजन नव्वदच्या वर आणि वर्षात आजारी रजा वीस झाल्या, की ऑफिसच्या विम्यातून नाव कमी. माझ्या एकोणीस झाल्या होत्या आणि वर्ष संपायला अजून दोन महिने होते. त्याच विम्यावर माझ्या बायकोचं, वनमालाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. रात्रंदिवस मला तेवढीच धास्ती होती.

वनमालाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात दम लागून मी दवाखान्यात पडलो, तेव्हा ती तेलीबांध्याकडच्या एका देवीला गूळतुलेचा नवस बोलली होती.

"तुम्ही आपल्या पायानं घरी आले," ती म्हणाली, "आता नवस बाकी ठेवाचा नाही. रविवारी तुमच्या वजनाएवढा गूळ देऊ. ऑफिसवाल्यायले मी फोन केला. साहेब पण येऊन राहिले."

मी तीन दिवस उपास केला. (पँट होती तशीच घट्ट राहिली.) मग सदर बाजारात जाऊन गुळाच्या चार-चार किलोच्या मोजून एकवीस भेल्या आणल्या. फॉर्मवर चौऱ्याऐंशी, म्हणजे गूळही चौऱ्याऐंशी. बाकीचं देवी सांभाळून घेईल, असा माझा अंदाज होता.

रविवारी सगळ्या ऑफिससमोर मी पारड्यात बसलो. समोरच्या पारड्यात एकवीस भेल्या चढल्या, तरी मी जमिनीवर आणि गूळ अधांतरी. गुरुजींनी आणखी गूळ मागितला. श्यामरावांनी आपली गाडी सदर बाजारात पिटाळली. मधेच उठणं अशुभ, म्हणून ती परत येईपर्यंत मी पारड्यातच बसून होतो. सत्ताविसाव्या भेलीला काटा जुळला. एकशे आठ हा फार शुभ आकडा, असं सांगून गुरुजींनी मला नमस्कार करायला लावला. ऑफिसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रसाद घेताना श्यामराव कानाशी आले. "फॉर्मवरचा आकडा उद्या बदलून टाका," ते म्हणाले. "पण रजा एकोणीसच राहू द्या. वनमालादीदीचं ऑपरेशन आहे, मले माहीत आहे."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात गुरुजींनी तिथली रीत सांगितली. ज्याची तुला, त्यानंच सगळा गूळ देवळाच्या कोठीत नेऊन ठेवायचा.

दहाव्या भेलीला मला धाप लागली. पंधराव्या भेलीला मी पायरीवर बसलो आणि उरलेल्या ढिगाकडे बघितलं. हे सगळं मी रोज दोन जिने चढून ऑफिसात नेतो, हे तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं. मला माझ्या गुडघ्यांची खरोखर दया आली. वनमाला शेजारी येऊन बसली, पदरानं माझा घाम पुसू लागली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"गुळासाठी नाही बोलली होती मी," ती म्हणाली. "तुम्ही पाहिजे म्हणून बोलली होती."

मग मी उठलो. राहिलेल्या भेल्या मी जिद्दीनं नेल्या आणि सत्ताविसावी खाली ठेवताना कमरेत उसण भरली.

रजा नको म्हणून सोमवारी वाकडाच ऑफिसला गेलो आणि फॉर्मवर चौऱ्याऐंशी खोडून एकशे आठ लिहिलं. खुर्चीत बसता येईना, बसल्यावर उठता येईना. शेवटी श्यामरावांनीच रजेचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. कारण म्हणून मी लिहिलं, वजन उचलल्यामुळे.

"किती उचललं?" त्यांनी विचारलं.

"एकशे आठ."

"ते तं तुम्ही रोजच उचलून आणता," असं म्हणून त्यांनी माझ्या विसाव्या रजेवर सही केली.